दगडाला पाझर फुटण्यासाठी

३० मार्च २०१८ रोजी 'मेरिडियन स्पिरिट' नावाचे जहाज रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळच्या धक्क्याला लागले. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील साबीन पास येथून निघालेल्या या जहाजात अतिशीत करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू होता. गेल या सार्वजनिक कंपनीने २०११ मध्ये केलेल्या दीर्घ मुदतीच्या करारान्वये देशात आलेला हा पहिला माल. ज्या दाभोळने एन्रॉनच्या रूपाने परकीय ऊर्जा कंपनीशी केलेल्या कराराचे चटके सोसले, त्याच दाभोळच्या किनाऱ्यावर सातासमुद्रापलीकडचा वायू उतरला. त्या दिवशी समारंभ झाला, भाषणे झाली. या वायूच्या जन्मकथेकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ते जाणे आवश्यक होते.

साबीन पासचा धक्का मुळात बांधला गेला तो वायू आयात करण्यासाठी. २००८ मध्ये तो सुरू झाला, तेव्हा अमेरिकेतील वायू आटत चालला आहे आणि यापुढे तो बाहेरून आणावा लागेल, असे तेथील जाणकारही मानत होते. पुढच्या आठ वर्षांत चित्र इतके पालटले की, २०१६ च्या फेब्रुवारीत त्याच धक्क्यावरून निर्यातीचे पहिले जहाज सुटले. २०१७ मध्ये अमेरिका वायूची निव्वळ निर्यातदार झाली आणि २०२३ मध्ये द्रवरूप वायूच्या निर्यातीत ती जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. हा सारा पालट घडवला तो शेल नावाच्या एका खडकाने. अमेरिकेत आज निघणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी सुमारे तीन चतुर्थांश वायू या खडकातून येतो.

भारताची स्थिती याच्या उलट आहे. देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा वायू आयात होतो. खनिज तेलाच्या बाबतीत हे परावलंबन ८५ टक्क्यांहून अधिक आहे. हा वायू केवळ शहरातील चुलींसाठी आणि वाहनांसाठी लागतो असे नव्हे. शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचणारा युरिया मुख्यत्वे याच वायूपासून बनतो. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध भडकले, तेव्हा रशियाच्या गाझप्रोमशी झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारातील गेलचा पुरवठा खंडित झाला आणि खुल्या बाजारातील किमती गगनाला भिडल्या. दूरच्या रणांगणावरील ठिणगीची धग विदर्भ-मराठवाड्यातील शेतापर्यंत कशी पोहोचते, याचा तो प्रत्यय होता. अशा वेळी 'अमेरिकेला जे साधले ते भारताला का साधू नये?' हा प्रश्न स्वाभाविक ठरतो. परंतु त्याचे उत्तर घोषणांमध्ये शोधून सापडणार नाही. ते खडकाच्या अंतरंगात आहे. शेलमध्ये वायू साठतो कसा आणि वाहतो कसा, हे समजून घेतल्याखेरीज या विषयावर आशा बाळगणे जसे व्यर्थ, तसेच निराश होणेही व्यर्थ.

शेल म्हणजे मूळचा चिखल. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या वा सरोवराच्या तळाशी अतिसूक्ष्म गाळ बसत गेला, त्याबरोबर वनस्पतींचे आणि सूक्ष्मजीवांचे अवशेष गाडले गेले. वरच्या थरांच्या भाराने हा चिखल दाबला गेला, पृथ्वीच्या उष्णतेने शिजला आणि त्याचा पापुद्रे सुटणारा खडक झाला. त्यातील सेंद्रिय द्रव्याला भूशास्त्रात केरोजेन म्हणतात. याच केरोजेनपासून उष्णतेने तेल आणि वायू तयार झाले. त्यांपैकी काही भाग वर सरकत सच्छिद्र वालुकाश्मात जाऊन साठला. शंभर-सव्वाशे वर्षे जगाने उपसला तो मुख्यतः हा स्थलांतरित साठा. जो वायू आपले जन्मघर सोडून कधी बाहेर पडलाच नाही, तो शेलवायू.

तो बाहेर का पडला नाही, हे मराठी शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. काळ्या चिकण मातीत पाणी भरपूर मुरते, परंतु त्या मातीत विहिरीला झरा लागत नाही. झरा लागतो तो मुरमात किंवा फुटक्या खडकात. पाणी धरून ठेवणे हा एक गुण आणि पाणी वाहू देणे हा दुसरा. पहिल्याला शास्त्र सच्छिद्रता म्हणते, दुसऱ्याला पार्यता. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणाऱ्या हेन्री दार्सी या अभियंत्याने १८५६ मध्ये वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचा नियम मांडला आणि पार्यतेचे एकक त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. चांगल्या वालुकाश्माच्या तुलनेत शेलची पार्यता लाखो पटींनी कमी असते. त्यातील छिद्रे नॅनोमीटरमध्ये मोजावी लागतात आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मिथेनचा रेणू सुमारे ०.३८ नॅनोमीटरचा. म्हणजे यातील कित्येक छिद्रांमध्ये रेणूंना जेमतेम शिरण्यापुरतीच वाट असते.

अशा खडकात वायू प्रामुख्याने दोन प्रकारांनी राहतो. काही वायू छिद्रांत आणि नैसर्गिक भेगांत मोकळा, पण प्रचंड दाबाखाली कोंडलेला असतो. उरलेला वायू छिद्रांच्या भिंतींना, विशेषतः केरोजेनच्या आणि काही प्रमाणात मृत्तिका खनिजांच्या पृष्ठभागाला, चिकटून बसतो. या चिकटण्याला अधिशोषण म्हणतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातील कोळसा अशुद्ध द्रव्ये धरून ठेवतो, तो याच गुणामुळे. केरोजेन बाहेरून दिसायला घट्ट काळा कण. पण त्याच्या आतील छिद्रांच्या भिंती उलगडून अंथरता आल्या, तर काही ग्रॅम केरोजेनमध्ये एका घराची जमीन झाकली जाईल. त्या विस्तीर्ण भिंतींवर वायूचे रेणू दाटीवाटीने बसलेले असतात. निरनिराळ्या शेलमध्ये या चिकटलेल्या वायूचा वाटा साधारण २० टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत बदलतो. एका शेलचे गणित दुसऱ्याला लागू पडत नाही, याचे हे पहिले कारण.

अधिशोषणाचा नियम अर्व्हिंग लँगम्यूर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१८ मध्ये मांडला. दाब वाढत जातो तसा सुरुवातीला वायू भराभर चिकटतो. पुढे भिंती भरत आल्या की दाब कितीही वाढवला, तरी फारसा फरक पडत नाही. हाच नियम उलट दिशेने वाचला की शेलच्या विहिरीचे कोडे उलगडते. विहीर सुरू झाल्यावर दाब उतरू लागतो, पण सुरुवातीच्या बऱ्याच घसरणीपर्यंत भिंतीवरचे रेणू जागचे हलत नाहीत. तो दाब पुरेसा खाली गेल्यावरच ते सुटू लागतात. म्हणजे ज्या साठ्याच्या भरवशावर मोठमोठे आकडे जाहीर होतात, त्यातील बराचसा भाग सर्वांत शेवटी हाती येतो, आणि पुष्कळदा येतच नाही.

सुटलेल्या रेणूचा प्रवासही सरळ नाही. रुंद रस्त्यावरच्या गर्दीत माणूस इतर माणसांना धडकतो. अगदी अरुंद बोळात मात्र तो भिंतींनाच घासत जातो. अतिसूक्ष्म छिद्रांतील रेणूंचे तसेच होते. ते एकमेकांवर आदळण्यापेक्षा भिंतींवर अधिक आदळतात आणि तेथे दार्सीचा नियम अपुरा पडतो. मार्टिन नुडसन या डॅनिश शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी अशा प्रवाहाचे नियम शोधले. त्याच्याच नावाने या विसरणाची ओळख आहे. केरोजेनच्या बोळातून बाहेर पडलेला रेणू खडकातील त्यापेक्षा मोठ्या छिद्रांत येतो, तेथून केसाहून बारीक भेगेत, तेथून कृत्रिम भेगेत आणि अखेर विहिरीच्या नळात. शेवटच्या टप्प्यात तो धावतो; पहिल्या टप्प्यात अक्षरशः रांगतो. साऱ्या प्रवासाचा वेग ठरतो तो या रांगण्यावर. काही मीटर अखंड शेल ओलांडायला वायूला वर्षे लागतात.

म्हणूनच शेलमध्ये नुसती उभी विहीर खोदून भागत नाही. थरात शिरल्यावर विहीर आडवी वळवून एक-दोन किलोमीटर किंवा त्याहूनही दूर न्यावी लागते, आणि प्रचंड दाबाने पाणी व वाळू सोडून खडकाला ठिकठिकाणी तडे पाडावे लागतात. पाणी भेग उघडते, वाळू ती मिटू देत नाही. या क्रियेने खडकाची मूळ पार्यता बदलत नाही. रेणूला रांगावे लागणारे अंतर तेवढे कमी होते. भेगेलगतचा मोकळा वायू प्रथम जोराने बाहेर येतो आणि विहिरीचे पहिले दिवस दिवाळीचे असतात. परंतु वर्षभरातच उत्पादन बहुधा निम्म्याहून खाली घसरते आणि मग दीर्घकाळ बारीक धार चालू राहते. उत्पादन टिकवायचे, तर विहिरींमागून विहिरी खोदत राहावे लागते. नेहमीच्या वायूक्षेत्रात साठ्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग सहज हाती येतो. शेलमध्ये एक चतुर्थांश हाती आला तरी पुष्कळ झाले, असे मानतात.

अमेरिकेच्या यशाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. जॉर्ज मिचेल या टेक्सासच्या उद्योजकाने बार्नेट शेलमध्ये पहिली विहीर १९८१ मध्ये खोदली. ग्रीसमधून आलेल्या एका गरीब स्थलांतरिताचा हा मुलगा. पुढची पंधरा-सोळा वर्षे त्याच्या कंपनीचे प्रयोग तोट्यात गेले. दाट रसायनांऐवजी जवळजवळ निव्वळ पाणी आणि थोडी वाळू वापरण्याची युक्ती १९९७-९८ च्या सुमारास फळाला आली. त्याच सुमारास कंपनीच्या भूशास्त्रज्ञांनी खडकाचे नवे नमुने काढून त्यातील वायू नव्याने मोजला. चिकटलेला वायू आधी फारच कमी धरला गेला होता, हे त्यातून उघड झाले आणि बार्नेटच्या साठ्याचा अंदाज कितीतरी पटींनी वाढला. खडक तोच होता. त्याच्याविषयीचे ज्ञान बदलले. या कथेचा आणखी एक भाग मुक्त बाजाराचे पोवाडे गाणारे सांगत नाहीत. १९७६ पासून अमेरिकी सरकारने पूर्वेकडील शेलच्या अभ्यासाचा मोठा प्रकल्प चालवला होता, आणि १९८० पासून अशा वायूला करसवलत दिली होती. व्यक्तीची चिकाटी आणि शासनाची दूरदृष्टी यांचा मेळ बसला, तेव्हा दगडाला पाझर फुटला.

याच्या उलट अनुभव पोलंडचा. रशियन वायूच्या विळख्यातून सुटण्याची या देशाची तळमळ अस्सल होती. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २०११ मध्ये पोलंडमध्ये १८७ लाख कोटी घनफूट शेलवायू काढता येईल, असे म्हटले आणि तेथे स्वप्नांना पूर आला. पुढच्याच वर्षी पोलंडच्या स्वतःच्या भूविज्ञान संस्थेने जुन्या विहिरींच्या नोंदी तपासून १२ ते २७ लाख कोटी घनफुटांचा अधिक संभाव्य अंदाज दिला. एक्सॉनमोबिलने २०१२ मध्ये काढता पाय घेतला, २०१५ मध्ये शेव्हरॉनही गेली. सुमारे सत्तर विहिरी खोदूनही व्यापारी उत्पादन झाले नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये रशियाने वायू तोडला, तेव्हा पोलंडला तारले ते बंदरावरील द्रवरूप वायूच्या केंद्राने आणि नॉर्वेकडून येऊ घातलेल्या नळाने. शेलने नव्हे. देशभक्तीने प्रयत्नाला बळ मिळते, पण खडकाची पार्यता तिने वाढत नाही.

आता भारताकडे वळावे. त्याच अमेरिकी प्रशासनाने भारतासाठी २०११ मध्ये ६३ लाख कोटी आणि २०१३ मध्ये ९६ लाख कोटी घनफूट असा काढण्याजोग्या शेलवायूचा अंदाज वर्तवला. अमेरिकेच्याच भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने मात्र २०१२ मध्ये खंभात, कृष्णा-गोदावरी आणि कावेरी या तीन खोऱ्यांसाठी सुमारे ६ लाख कोटी घनफूट एवढाच आकडा दिला. मोजलेली खोरी आणि मोजण्याची पद्धत वेगळी होती हे खरे. तरीही पंधरा-सोळा पटींची ही तफावत बरेच काही सांगून जाते. दोन्ही आकडे परदेशातून आले, आणि दोन्हींच्या मुळाशी भारतीय खडकाच्या प्रत्यक्ष नमुन्यांपेक्षा परकीय खडकांशी साधर्म्याचे गृहीतक अधिक होते. आपल्या भूमीच्या पोटात काय आहे, हे दुसऱ्याने सांगावे आणि त्यातील मोठा आकडा निवडून आपण आनंद मानावा, हे स्वाभिमानी राष्ट्राला शोभणारे नाही.

भारताने प्रयत्नच केले नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दामोदर खोऱ्यात कोळशाच्या दोन थरसमूहांच्या मधोमध शेलचा जाड थर आहे. इंग्रजी अमदानीतील भूशास्त्रज्ञांनी त्यात कोळसा सापडत नाही म्हणून त्याचे नाव 'बॅरन मेजर्स', म्हणजे नापीक थर, असे ठेवले. त्याच नापीक थरातून जानेवारी २०११ मध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूर येथे तेल व नैसर्गिक वायू महामंडळाच्या विहिरीत सुमारे १७०० मीटर खोलीवर वायू मिळाला. भारतीय भूशास्त्रज्ञांच्या दृष्टीने तो अभिमानाचा क्षण होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये केंद्राने शेलचे धोरण जाहीर करून सार्वजनिक कंपन्यांना त्यांच्या क्षेत्रांत शोधाची मुभा दिली, आणि खंभातच्या खोऱ्यात जंबुसरजवळ खोदाई झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये खाजगी कंपन्यांनाही आपापल्या करारक्षेत्रात अशा वायूचा शोध घेण्याचे दार उघडले. तरीही शेलवायूच्या व्यापारी उत्पादनाची पायरी देशाला गाठता आलेली नाही.

याची कारणे केवळ सरकारी दिरंगाईत शोधणे सोपे, पण अपुरे आहे. बार्नेटचा खडक सिलिकायुक्त आणि ठिसूळ. दाब दिला की काचेसारखा तडकतो. ज्या शेलमध्ये मृत्तिका खनिजे अधिक, तो खडक तडकण्याऐवजी दबतो आणि पडलेली भेग वाळूलाही गिळून मिटते. भारतातील अनेक शेलमध्ये मृत्तिकेचे प्रमाण अधिक आहे. आपली खोरी बहुधा भूकवचाच्या खचण्यातून बनलेली, भ्रंशांनी तुकडे झालेली. सह्याद्रीचा जो काळा पाषाण महाराष्ट्राचा कणा आहे, तोच खंभातच्या खोऱ्यात शेलच्या खाली फरशीसारखा पसरलेला आहे. टेक्सासच्या सपाट, सलग थरांत वापरलेली कृती येथे जशीच्या तशी उतरवता येणार नाही. ती येथल्या खडकाशी जुळवून घ्यावी लागेल.

पाण्याचा प्रश्न तर त्याहून बिकट. शेलमध्ये एका विहिरीला भेगा पाडण्यासाठी दीड-दोन कोटी लिटर पाणी लागू शकते, आणि परत येणारे क्षारयुक्त पाणी शुद्ध केल्यावाचून कोठेही सोडता येत नाही. भरीस भर म्हणजे अमेरिकेत जमिनीखालचे खनिज बहुधा जमीनमालकाचे असते, त्यामुळे विहीर त्याला लाभाची वाटते. भारतात ते शासनाचे. शेतकऱ्याच्या वाट्याला धूळ, वाहतूक आणि पाण्याची धास्ती तेवढी उरते. २०१७ मध्ये तामिळनाडूतील नेडुवासल येथे शेतकरी वायू प्रकल्पाविरुद्ध उभे राहिले आणि २०२० मध्ये त्या राज्याने कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र म्हणून घोषित केला. या लोकांना विकासविरोधी ठरवून मोकळे होणे हा उथळपणा आहे. ज्याच्या शेताखालून संपत्ती निघते, त्याचा तिच्यात वाटा ठरला पाहिजे आणि त्याच्या पाण्याची हमी आधी दिली गेली पाहिजे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, मोजमाप स्वतःचे हवे. खोल थरातून खडकाचा नमुना वर आणताना वाटेतच त्यातील वायू निसटू लागतो. तो हवाबंद डब्यात ठेवून, मूळ उष्णतेला आणून, सुटणारा वायू आठवडेच्या आठवडे मोजावा लागतो. हे काम संयमाचे आणि बिनप्रसिद्धीचे. पण याच कामाने बार्नेटचे भाग्य बदलले. दुसरी गोष्ट, चिकटलेला वायू भारताला अपरिचित नाही. कोळशाच्या थरातील मिथेन जवळजवळ संपूर्ण अधिशोषित असतो आणि राणीगंज परिसरात तो २००७ पासून व्यापारी तत्त्वावर काढला जात आहे. इच्छापूरचा शेल त्याच खोऱ्यातला. धनबादसारखी नामांकित खनिकर्म संस्था त्याच नदीच्या आसमंतात उभी आहे. ज्ञान, माणसे आणि खडक एकत्र असताना तेथे दीर्घ मुदतीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र का चालू नये? तिसरी गोष्ट, फसलेल्या विहिरींची माहिती. २०१७ मध्ये राष्ट्रीय माहिती भांडार सुरू झाले, हे स्वागतार्ह पाऊल होते. त्यात अपयशी विहिरींचे नमुने आणि नोंदी संशोधक विद्यार्थ्यांना खुल्या झाल्या पाहिजेत. फसलेली विहीर ही वाया गेलेली रक्कम नसते. देशाने भरलेली ती शिकवणीची फी असते. ती भरूनही धडा न शिकणे, हा मात्र अपव्यय आहे.

या अभ्यासाअंती भारताचा शेलवायू परवडण्याजोगा नाही, असेही सिद्ध होऊ शकेल. तो निष्कर्षही मोलाचाच. मग पैसा आणि पाणी सौरऊर्जा, जैववायू किंवा खोल समुद्रातील साठ्यांकडे निःशंकपणे वळवता येईल. धोक्याची आहे ती मधली अवस्था, ज्यात मोठ्या आकड्यांवर भाषणे होतात, छोट्या प्रयोगांवर अनास्था पसरते आणि दाभोळच्या धक्क्याला परकीय जहाजे लागत राहतात. स्वावलंबन म्हणजे सर्व काही घरीच पिकवणे नव्हे. घरात काय आहे आणि काय नाही, हे स्वतःच्या अभ्यासाने निश्चित जाणणे, ही त्याची पहिली पायरी आहे.

मराठीत दगडाला पाझर फुटणे म्हणजे अशक्य ते घडणे. टेक्सासमध्ये ते घडले, कारण दगडाचा स्वभाव जाणून घेण्यासाठी तेथे सरकारने आणि एका जिद्दी उद्योजकाने वर्षानुवर्षे वाट पाहिली. पोलंडमध्ये घडले नाही, कारण तेथे आशा आकड्यावर विसंबली होती. दामोदरकाठच्या 'नापीक' थराने २०११ मध्ये आपण नापीक नसल्याचे एकदा सांगितले आहे. त्यापुढचे तो सांगेल की नाही, हे त्याला चिकाटीने प्रश्न विचारणाऱ्यांवर अवलंबून राहील.